मोडीत काढण्यापूर्वी

कल्याणजवळ १९६५ साली सूर्याच्या अभ्यासासाठी एक रेडिओ दुर्बीण कामाला लागली. तिच्या बत्तीस थाळ्या भारतात घडलेल्या नव्हत्या आणि नव्याही नव्हत्या. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथील जलाशयाच्या काठी क्रिस्टियनसेन या शास्त्रज्ञाने त्या उभारल्या होत्या. प्रत्येक थाळीचा व्यास सहा फूट. तेथले काम झाले, त्याहून मोठ्या उपकरणाची तयारी सुरू झाली आणि या थाळ्या निकालात काढण्याची वेळ आली. कोलंबो योजनेखाली तेथे शिकावयास गेलेले गोविंद स्वरूप त्या वेळी ऐन पंचविशीत होते. त्या थाळ्या मोडण्याऐवजी भारताला देऊन टाकाव्यात, असे त्यांनी सुचविले. ऑस्ट्रेलियन संस्थेने १९५५ साली ते मान्य केले.

देणाऱ्याने होकार दिला तरी घेणाऱ्याची अडचण संपली नाही. जहाजाचे भाडे कोणी भरावयाचे आणि त्यासाठी परकीय चलन कोठून आणावयाचे, एवढ्यावर घोडे अडले. पुढे थाळ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत येऊन पोचल्या, पण त्यांचे काही करणारा माणूस तोवर अमेरिकेत गेला होता. डॉ. होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि मगच या थाळ्यांना कल्याणची जागा मिळाली. त्यांवर हात बसलेल्या तरुणांच्या तुकडीने १९७० साली उटीची दुर्बीण उभी केली. पुढे त्याच परंपरेतून जुन्नर तालुक्यात खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची महाकाय दुर्बीण झाली. २००२ पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करीत असतात.

निमगाव सावा हे जुन्नरच्या पूर्व भागातले गाव खोडदपासून फार दूर नाही. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला त्या थाळ्यांचे नवल उरलेले नाही. ऊस, कांदा, कुकडीच्या कालव्याचे पाणी, उसातला बिबट्या आणि आभाळाकडे तोंड करून बसलेल्या या जाळीदार थाळ्या, हे सर्व आता त्याच्या नित्याच्या देखाव्यात जमा आहे. परंतु दुर्बिणीला शांतता लागते, म्हणजे रेडिओ लहरींची शांतता. आणि तिची किंमत हा परिसर देत असतो. नवे कारखाने, नवे मनोरे यांवर येथे बंधने आहेत. पुणे आणि नाशिक यांना जोडणाऱ्या नियोजित जलद रेल्वेमार्गाची या भागातून जाणारी मूळ आखणीही दुर्बिणीच्या कामात व्यत्यय नको म्हणून बदलावी लागली. विज्ञानासाठी ही किंमत द्यावी की नाही, हा वेगळा वाद आहे. ज्या भागाने ती दिली, त्याच्या पदरात विज्ञानाचे काय पडले, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि जुन्या संगणकांचा विषय येथूनच सुरू होतो.

कारण खोडदची दुर्बीण लोखंडी सळयांनी आणि तारांच्या जाळीने जेवढी चालते, तेवढीच संगणकांनी चालते. तीस थाळ्यांनी टिपलेले संदेश एकमेकांशी पडताळून पाहिल्यावाचून आकाशाचे चित्र तयार होत नाही. हे काम प्रथम खास त्यासाठी घडविलेल्या यंत्रमंडलांवर होत असे. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या तांड्यावर आले, आणि पुढे त्याहून वेगवान यंत्रांवर. प्रत्येक बदलाबरोबर काही यंत्रे निवृत्त होतात. जे खोडदला, तेच पुण्यातल्या प्रत्येक संशोधन संस्थेत, विद्यापीठात, बँकेत आणि हिंजवडीच्या प्रत्येक मजल्यावर घडत असते. ही निवृत्त यंत्रे जातात कोठे?

हिशेबाच्या वहीचे उत्तर सोपे आहे. आयकराच्या नियमाप्रमाणे संगणकावर दर वर्षी शेकडा ४० घसारा धरता येतो. शंभर रुपयांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर साठ रुपयांचे, दुसऱ्या वर्षाअखेर छत्तीसचे आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी पावणेआठ रुपयांचे उरते. कंपनी कायद्याच्या परिशिष्टात तर कार्यालयीन संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीनच वर्षे मानलेले आहे. प्रत्यक्षात जपून वापरलेला संगणक दहा वर्षे सहज काम देतो. त्याची फिरती तबकडी काढून नव्या पद्धतीची स्मृती बसविली, नाण्याएवढी बॅटरी बदलली आणि पंख्यातली धूळ झाडली, की तो विद्यार्थ्याच्या गरजेपुरता नव्यासारखा होतो. वहीतले आयुष्य संपल्यानंतर आणि खरे आयुष्य संपण्यापूर्वी जी सात-आठ वर्षे उरतात, त्यांचा मालक कोण, हाच या प्रश्नातला अर्थशास्त्रीय भाग आहे. आज त्यांचा मालक भंगारवाला आहे, आणि तोही बिचारा ती वर्षे वापरीत नाही. तो फक्त वजन विकतो.

यंत्र बिघडलेले नसतानाही त्याला म्हातारे ठरविण्याची एक नवी रीत आता रूढ झाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा आधार थांबविला. नव्या प्रणालीला जी सुरक्षा-चकती आणि जे प्रक्रियक लागतात, ते जुन्या यंत्रांत नाहीत. अशा यंत्रांची संख्या जगभरात सुमारे २४ कोटी भरेल, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ सालीच वर्तविला होता. त्या ऑक्टोबरच्या दिवशी यांपैकी एकाही यंत्राचा एकही भाग नादुरुस्त झाला नाही. बदलला तो एका खासगी कंपनीचा निर्णय. या यंत्रांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली चालू शकते; केरळ राज्याने आपल्या शाळांतून तीच स्वीकारून परवान्यांचा खर्च वाचविला आहे. तेव्हा येथे तांत्रिक अपरिहार्यता आहे, असे म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की भंगारात तरी काय वाईट आहे? त्यातून तांबे निघते, सोने निघते, नव्या खाणी खणाव्या लागत नाहीत. यात तथ्य आहे, पण थोडे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यांपैकी शेकडा बावीसच्या आसपास कचऱ्याचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात म्हटले आहे. उरलेल्या कचऱ्याचा बराच भाग आपल्याकडे सीलमपूर आणि मुरादाबाद येथे उघड्यावर तारा जाळणाऱ्या, हातमोज्यांवाचून आम्लात पट्ट्या बुडविणाऱ्या मजुरांच्या वाट्याला येतो. अगदी आधुनिक कारखान्यात नेले तरी काही मोजके धातू परत मिळतात. दुर्मिळ मृदा धातूंच्या जागतिक गरजेपैकी जेमतेम शेकडा एक इतकीच गरज अशा पुनर्चक्रणातून भागते. शिवाय लॅपटॉपसारख्या यंत्रामागे जी ऊर्जा खर्च होते, तिचा मोठा हिस्सा ते तयार होतानाच खर्च होऊन गेलेला असतो. यंत्र वितळविल्याने ती परत मिळत नाही, ते अधिक वर्षे वापरले तरच तिचे चीज होते.

सरकारी धोरणाचा कल मात्र भट्टीकडे आहे. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकली, हे योग्यच झाले. पण ती पार पाडल्याचा पुरावा म्हणजे पुनर्चक्रणाचे प्रमाणपत्र, आणि ते परत मिळविलेल्या धातूंच्या हिशेबाने मिळते. दुरुस्तीला हे नियम अगदीच विसरले आहेत असे नाही. नोंदणीकृत नूतनीकरण केंद्राने यंत्राचे आयुष्य वाढविले, तर उत्पादकाची जबाबदारी तेवढा काळ पुढे ढकलली जाते आणि शेवटी तिचा शेकडा ७५ इतकाच भाग त्याच्या खाती लागतो. परंतु ही सवलत नोंदणी, संकेतस्थळ आणि लेखापरीक्षण यांचा खर्च झेपणाऱ्यांसाठी आहे. नारायणगाव, आळेफाटा किंवा मंचर येथे एका गाळ्यात बसून जो तरुण दिवसाकाठी चार यंत्रे जिवंत करतो, त्याने वाचविलेल्या किलोंची नोंद कोठल्याच वहीत होत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याने काही केलेच नाही.

सरकारी कार्यालयांची गोष्ट आणखी निराळी. तेथे निर्लेखनाचा ठराव होतो आणि जो अधिक बोली देईल त्याला माल मिळतो. शाळेला दहा यंत्रे फुकट दिली, तर लेखापरीक्षक विचारील की लिलावाचे पैसे बुडाले त्याचे काय? त्यामुळे चांगल्या मनाचा अधिकारीही यंत्रे खोलीत कोंडून ठेवतो. पाच वर्षे ती तेथे गंजतात आणि मग खरोखरीच भंगार होऊन बाहेर पडतात. भ्रष्टाचार टाळण्यासाठी केलेल्या नियमाने केलेली ही नासाडी आहे.

येथवर सर्व सोपे आहे. जुने यंत्र गरजूला द्या, असे म्हणावयास कोणाची हरकत असणार? पण समाजवादी कार्यकर्त्याने येथेच थांबून विचार केला पाहिजे. कारण जुनी यंत्रे गरिबांच्या दारात आणून ओतण्याचा एक इतिहास आहे आणि तो फारसा उजळ नाही.

साठच्या दशकात आयबीएम कंपनीने भारतात १४०१ हा संगणक भाड्याने देण्यास आरंभ केला. हे यंत्र तिने १९५९ साली बाजारात आणलेले होते. अन्यत्र वापरून परत आलेली यंत्रे डागडुजी करून येथे आणावयाची आणि विकावयाची नाहीत, तर भाड्याने लावावयाची, अशी तिची रीत होती. पुढारलेल्या देशांत ज्यांची किंमत केव्हाच वसूल झाली होती, ती यंत्रे येथे पुन्हा वर्षानुवर्षे कमाई करीत राहिली. लोकलेखा समितीने १९७५-७६ च्या आपल्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. पुढे परकीय चलन नियंत्रणाच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणे भारतीय भागधारकांना बहुमताचा हिस्सा देण्यास कंपनीने नकार दिला आणि जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली तिने गाशा गुंडाळला.

ती घटना आज निव्वळ शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, किंवा निव्वळ मूर्खपणा म्हणून. दोन्ही कथनांत तिचा खरा बोधप्रद भाग गळतो. कंपनी गेली तरी तिने पुरविलेली यंत्रे चालू ठेवणे भाग होते आणि ती चालू ठेवणारा देशी तंत्रज्ञ हवा होता. ते काम १९७५ साली स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतले. परदेशी कंपनीची जुनी यंत्रे दुरुस्त करता करता या मंडळींनी संगणकाची अंतर्रचना आत्मसात केली आणि त्याच भांडवलावर पुढे मोठमोठ्या संगणक-व्यवस्था रचल्या. रेल्वेच्या आरक्षणाची व्यवस्था त्यांतलीच एक. यंत्रे तीच, जुनीच. पण भाडेकरूच्या घरात असताना त्यांनी जे शिकविले नाही, ते दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती पडताच शिकविले. (ही सीएमसी २००१ साली टाटा समूहाच्या ताब्यात देण्यात आली. तो प्रसंग वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

कल्याणच्या थाळ्या आणि १४०१ संगणक यांची तुलना म्हणूनच उद्बोधक ठरते. दोन्ही परदेशातून आलेल्या, दोन्ही वापरलेल्या वस्तू. थाळ्या पूर्णपणे आपल्या झाल्या. त्या उघडता, हलविता, निराळ्या रचनेत मांडता आल्या, आणि त्या मागून आणणारा माणूस त्यांच्यावर काम केलेला होता. संगणक मात्र कुलूपबंद राहिला, त्याची चावी आणि त्याचे बिल दोन्ही दुसऱ्याकडे. जुन्या यंत्राला नवे घर शोधताना पहिला प्रश्न यंत्राच्या वयाचा नसून मालकीचा असला पाहिजे, हे यातून निघते.

डाव्या व समाजवादी कामगार चळवळीनेही आपला या विषयातला इतिहास तपासून पाहिला पाहिजे. आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ नये म्हणून साठच्या दशकात कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. कलकत्त्याच्या इलाको हाउसमधला संगणक बसू नये म्हणून इमारतीवर पहारे ठेवले गेले. स्वयंचलनाच्या प्रश्नावर सरकारला प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. पण यंत्राला दारातच अडविण्याच्या धोरणात यंत्र कोणाच्या हाती असावे या मागणीकडे दुर्लक्ष झाले, आणि यंत्र शेवटी आले ते मालकाच्याच अटींवर.

शाळांच्या बाबतीत अलीकडे हेच घडले. केंद्र सरकारच्या साहाय्याने महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांतून संगणक-कक्ष उभारण्यात आले ते ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर, पाच वर्षांच्या कराराने. कंत्राटदाराने यंत्रे आणली, संगणक-शिक्षकही कंत्राटी नेमले. मुदत संपली तेव्हा शाळेच्या पदरात यंत्रे पडली, शिक्षक मात्र घरी गेला. त्या शिक्षकांना आझाद मैदानावर आंदोलने करावी लागली. ज्या दिवशी यंत्राला सांभाळणाऱ्याची सर्वांत अधिक गरज लागते, नेमक्या त्याच दिवशी त्याला काढून टाकणारी ही योजना होती. कुलूप लावलेली संगणक-खोली आणि तिच्या खिडकीतून दिसणारी प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालची यंत्रे हे चित्र ग्रामीण महाराष्ट्रात कोणालाही अपरिचित नाही. अशा शाळेला पुण्याच्या एखाद्या कंपनीने समारंभपूर्वक आणखी वीस जुनी यंत्रे दिली, छायाचित्र काढले आणि आपल्या सामाजिक दायित्वाच्या अहवालात छापले, तर कंपनीच्या गोदामातला कचरा निमगाव सावा येथे हलला, एवढेच त्याचे फलित. अक्रा शहरातल्या अग्बोग्ब्लोशी येथे युरोपातून ‘वापरण्याजोगे’ म्हणून आलेल्या मालाची जी गत झाली, तिची ही लहान आवृत्ती ठरेल. बाझल कराराने २०२५ पासून सर्व प्रकारच्या ई-कचऱ्याला देशाच्या सीमा ओलांडताना पूर्वसंमतीची अट घातली. शहराकडून खेड्याकडे जाणाऱ्या मालाला अशी अट कोणी घातलेली नाही.

ती अट गावाने घालावयाची आहे. यंत्र चालू स्थितीत आणि आधीची माहिती पूर्ण पुसून यावे. त्यावर मुक्त प्रणाली घातलेली असावी, म्हणजे परवान्याच्या नूतनीकरणासाठी कोणाच्या दारात जावे लागणार नाही. दर दहा यंत्रांमागे दोन यंत्रे सुट्या भागांसाठी म्हणून अधिक यावीत. काचेच्या नळीचे जुने पडदे सरळ नाकारावेत. त्यांच्या काचेत शिसे असते आणि ते वीजही फार खातात. आधीच वीजपुरवठ्याचे वेळापत्रक पाहून मोटार चालविणाऱ्या गावाने ते बिल का भरावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र पुरते मोडले की ते परत नेऊन रीतसर विल्हेवाट लावण्याची लेखी जबाबदारी देणाऱ्याने घ्यावी. या अटी ज्याला जाचक वाटतील, त्याला दान करावयाचे नव्हते, गोदाम रिकामे करावयाचे होते, असे खुशाल समजावे.

दुरुस्तीच्या मजुरीचा प्रश्नही यातच येतो. यंत्र फुकट आले तरी त्याला सांभाळणारे हात फुकट मिळत नाहीत, मिळू नयेत. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली. घरोघरच्या जुन्या वापरण्याजोग्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करण्याचे कामही ती करते. वस्तू मोडण्यापूर्वी तिच्यातले काय वापरता येईल, हे ओळखण्याचे ज्ञान या बायकांपाशी पिढीजात आहे. त्याला प्रमाणपत्र नाही, एवढेच. एका बाजूला ही संघटित कष्टकरी मंडळी आणि दुसऱ्या बाजूला जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठांतले दुरुस्ती-कारागीर आणि कामावरून काढलेले संगणक-शिक्षक, यांची सहकारी संस्था होऊन तिला नूतनीकरण केंद्र म्हणून नोंदणी मिळाली, तर आज बड्या कारखान्यांसाठी राखलेली सवलत त्यांच्याही पदरात पडू शकेल. ज्या तालुक्याने साखर कारखाना आणि दूधसंस्था चालविल्या, त्याला हे जमणार नाही असे नाही.

काही यंत्रे मात्र शाळेतही नेऊ नयेत आणि भट्टीतही टाकू नयेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला टिफ्रॅक हा भारतीयांनी रचलेला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक; त्याला हे नाव १९६२ साली पंडित नेहरूंनी दिले. अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारल्यावर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला. अशा यंत्रांच्या पट्ट्या, त्यांचे आराखडे, त्यांवर काम करणाऱ्यांच्या नोंदवह्या यांचे स्थान संग्रहालयात आहे. निर्लेखनाच्या यादीत त्यांची ओळख ‘जुने सामान, नग अमुक’ अशी असते, म्हणून यादीवर सही होण्यापूर्वी ती कोणीतरी जाणत्याने वाचावी, एवढी व्यवस्था प्रत्येक संस्थेला करता येईल.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदचे आवार लोकांसाठी खुले होते आणि आसपासच्या गावांतली मुले शाळेच्या गाड्यांतून तेथे लोटतात. त्यांना दुर्बीण दाखविली जाते आणि ती समजावून सांगितली जाते, हे उत्तमच आहे. कार्यकर्त्यांनी येत्या वर्षी या मुलांच्या शिक्षकांबरोबर जावे आणि एक अर्ज सोबत न्यावा: पुण्यातल्या संशोधन संस्थांनी यंत्रे निर्लेखित करताना लिलावापूर्वी तीस दिवस त्यांची यादी जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांना व वाचनालयांना कळवावी आणि वर सांगितलेल्या अटींवर मागणी आल्यास प्रथम तिचा विचार करावा. लेखापरीक्षकाचा आक्षेप टाळण्यासाठी राज्य व केंद्र सरकारकडून तसा स्पष्ट आदेश निघावा, ही मागणी आमदार-खासदारांपुढे लावून धरावी लागेल. सिडनीहून थाळ्या येण्यास जहाजाच्या भाड्यापायी वर्षे गेली. पुण्याहून निमगाव सावा येथे वीस यंत्रे आणावयास एका टेंपोचे एका दिवसाचे भाडे लागते, आणि ते ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात बसते.